मनगटावरचा पट्टा

“मशीन पोर सांभाळनार व्हय?” एवढं बनुबाई उघड बोलल्या. पुढचं बोलताना त्यांनी पदर तोंडावर धरला. सून ओठ बघून बोलणं ओळखते, हे त्यांना ठाऊक होतं.

क्रांतीनं चुलतसासऱ्यांकडे पाहिलं. “आप्पा, आत्याबाई काय म्हनल्या?”

आप्पासोंनी नजर चुकवली. निवाडा करायला ते मुद्दाम उंब्रजहून आले होते. भावकीत त्यांचा शब्द चालायचा.

प्रश्न होता आठ महिन्यांच्या राजनंदिनीचा. तिच्या जन्मानंतर महिन्याभरातच क्रांतीचा ताप मेंदूत गेला होता. जीव वाचला, कान गेले. कराडच्या डॉक्टरांनी मनगटावर बांधायचा एक पट्टा सुचवला. पाळण्याला एक डबी अडकवायची. बाळ रडलं की मनगटावरचा पट्टा थरथरतो. तेव्हापासून लेकीच्या प्रत्येक रडण्याला क्रांती धावली होती. चुलीपासून, गोठ्यातून, गाढ झोपेतून. बनुबाईंना मात्र तो पट्टा डोळ्यांसमोर नको होता. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या म्हणायच्या, “बघा, आमच्या सुनंच्या हातात कान हायती.”

आता नवऱ्याची, ऋषिराजची, रजा संपत आली होती. तो पलटणीत परतायच्या आत बनुबाईंना सोक्षमोक्ष लावायचा होता. पोरगी पाटणला त्यांच्या लेकीकडे, अंकिताकडे, राहील. सून शिराळ्याला माहेरी जाईल.

आप्पासो क्रांतीकडे तोंड करून सावकाश बोलले. “ऐकू येत न्हाई तुला, पोरी. उद्या लेकराला काय झालं तर? तूच सांग.”

“तुमी सोता बघा, आप्पा. उठली की ती रडतीच. मी हितं बसते, खोलीकडं पाठ करून. मला कळलं न्हाई तर मी माज्या पायानं जाते माहेरी.”

“असलं कशाला करायचं...” ऋषिराज म्हणाला. मग त्यानं आईकडे पाहिलं.

क्रांती आत गेली. लेक झोपली होती. तिनं डबीचं बटण वर केलं, हिरवा दिवा लागलेला बघितला आणि बाहेर सोप्यात येऊन खोलीच्या दाराकडे पाठ करून बसली. स्वयंपाकघर पाळण्याच्या खोलीपलीकडे होतं. पाटणहून आलेली अंकिता त्याच खोलीतून चहा करायला आत गेली आणि कपबशा घेऊन आली.

चहा पिता पिता बाकीचे उसाच्या तोडीवर बोलू लागले. क्रांती पट्ट्यावर बोट ठेवून बसली. पट्टा गप्प होता. झोपली असंल, तिला वाटलं. सकाळी दमली होती खेळून.

आप्पासोंची बशी ओठांपाशी थांबली. ऋषिराजनं तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तो गुडघे चोळू लागला. अंकिता बांगड्या मागेपुढे करत होती. बनुबाई तेवढ्या सरळ सुनेकडे बघत होत्या.

क्रांतीनं पट्टा मनगटावर घट्ट दाबून धरला. काही नाही. इतके महिने त्यानं तिला कधी फसवलं नव्हतं. तिनं पुन्हा सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. एकाचेही ओठ हलत नव्हते. उसाचं बोलणं कधीच थांबलं होतं. कपातला चहा तसाच होता, आणि सगळे तिच्याकडे बघत होते.

ऋषिराज अर्धवट उठला. बनुबाईंनी त्याच्या मांडीवर हात ठेवून दाबला. तो परत बसला.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

ती आत धावली. राजनंदिनीचा एक पाय पाळण्याच्या दांड्यांमधून बाहेर आला होता आणि गुडघ्यात अडकला होता. ओढून ओढून तिथली कातडी सोलली होती. तोंड काळंनिळं पडलं होतं. रडता रडता तिला श्वास घेता येत नव्हता. डबीवरचा हिरवा दिवा विझला होता. बटण खाली होतं.

क्रांतीनं पाय हळूहळू वळवून सोडवला आणि लेकीला छातीशी धरलं. बाळाचे हुंदके तिला बरगड्यांवर लागत होते. ती तशीच बाहेर आली.

बनुबाईंनी आता पदर तोंडावर घेतला नाही. एकेक शब्द सुनेला दिसेल असा उच्चारला. “बघितलंसा भावजी? लेकरू रडून रडून मराय टेकलं, आन् हिला पत्ता न्हाई. मी म्हनत हुते त्येच झालं.”

क्रांतीनं अंकिताकडे पाहिलं. अंकितानं मान वळवून घेतली. ऋषिराज पुढे झाला आणि त्यानं लेकीला घ्यायला हात पसरले. क्रांती त्याला वळसा घालून आप्पासोंसमोर जाऊन उभी राहिली.

“आप्पा, तुमाला हिचं रडनं ऐकू येत हुतं?”

आप्पासोंनी मान डोलावली.

“लय येळ?”

“व्हय, पोरी.”

“मग उठला का न्हाई?”

म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवली. “तू उठतीस का, त्येच बघत हुतो आमी,” ते म्हणाले.

लेकीच्या गुडघ्याचं रक्त क्रांतीच्या पातळाला लागलं होतं.

“लेकरू रडत हुतं, आप्पा,” ती म्हणाली, “आन् ऐकू येनारी तुमी चौघं मला बघत बसला.”