मामाचे आभार

धुवायला आलेल्या कोटाचे खिसे उलटे करून झटकता झटकता त्यानं सांगून टाकलं, "आई, आज मी मामाकडे जाणार आहे."

आईची इस्त्री क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली. "कशाला? त्याचं तोंडही बघणार नव्हतास ना?"

"आभार मानायला."

"आभार!" आईनं नाक मुरडलं. "सख्ख्या भाच्याला पोलिसांच्या हवाली केलं त्यानं, आणि आभार कसले मानतोस?"

मामाचा विषय निघाला की आईचा पारा इस्त्रीच्या वर चढायचा. त्यांच्या लाँड्रीतल्या गिऱ्हाइकांना तिचा तो पाढा ऐकून ऐकून पाठ झाला होता. पूर्वी त्याला ते ऐकून बरं वाटायचं. निदान एक माणूस तरी आपल्या बाजूनं आहे! व्यसनमुक्ती केंद्रातल्या सुरुवातीच्या दिवसांत, हाडं पिळवटून निघायची तेव्हा, तो भिंतीकडे तोंड करून मामाला शिव्या घालायचा. त्या रागावरच त्यानं ते दिवस काढले म्हणा ना. भेटीच्या दिवशी आई मात्र न चुकता धुतलेल्या कपड्यांची घडी घेऊन दारात हजर असायची.

पकडला तेव्हा पोलिसांनी त्याची झडतीसुद्धा घेतली नव्हती. कोटाचं अस्तर जिथे उसवून त्यानं पुडी लपवली होती, सरळ तिथेच हात घातला. हे घरातल्या माणसाशिवाय कोण सांगणार? त्याच सकाळी तो झोपलेला असताना मामा घरी येऊन गेला होता, आणि कोट खुंटीवरच होता. कोर्टाबाहेर त्यानं तोंडावर विचारलं, तर मामानं नाकारलंही नाही. मान खाली घालून उभा राहिला. तेव्हा तो सगळ्यांसमोर ओरडला होता, "माझ्यासाठी तू मेलास!"

आता ते आठवलं की त्याला कुठे तोंड लपवू असं व्हायचं. पावडरीपायी त्यानं गिऱ्हाइकांचे कोट विकले होते. आईला ढकलून पाडलं होतं. केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, अजून थोडे दिवस गेले असते तर तू हाती लागला नसतास. आणि आता त्याला भूक लागत होती, झोप लागत होती, गिऱ्हाईक नावानं हाक मारत होतं. सकाळी चहाचा कप धरताना हात कापत नाही, एवढ्यानंही त्याचा ऊर भरून यायचा. हे सगळं ज्याच्यामुळे मिळालं, त्यालाच तो मेलेला ठरवून बसला होता. मामानं दारातून हाकललं तरी बोलायची सोय नव्हती.

"निघतो मी," तो म्हणाला.

"जा बाबा. तुझी मर्जी," आई म्हणाली, आणि इस्त्री झालेलीच कॉलर पुन्हा इस्त्री करायला लागली.

मामाचं किल्ल्या बनवायचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. दुकान कसलं, भिंतीतलं कपाटच. मामा कानशीनं किल्ली घासत बसला होता. केस पार पिकले होते. भाच्याला पाहून त्याचा हात थांबला.

"किल्ली हवी की कुलूप?" मामानं विचारलं.

त्याला हसूही आलं आणि रडूही. वाटेत जुळवून ठेवलेलं एकही वाक्य आठवेना. "मामा, चुकलं माझं. तू पोलिसांना फोन केलास म्हणून मी जिवंत आहे रे. कसे फेडू तुझे उपकार?"

मामानं त्याला गच्च मिठी मारली. मग मामानं काळ्या तेलकट हातानंच डोळे पुसले आणि गालभर काळं फासून घेतलं.

"बैस. चहा सांगतो."

"चहा राहू दे. आधी घरी चल. आई अजून तुझ्या नावानं बोटं मोडते, पण मी समजावीन तिला. तिला बिचारीला काय माहीत, तू माझं केवढं भलं केलंस ते!"

मामा हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे पुन्हा भरून आले.

"अरे, मी तर हातापाया पडलो होतो, पोलीस नकोत, पोराला लांब कुठेतरी पाठवू म्हणून. ऐकेल तर ना! म्हणाली, 'त्याला राग धरायला एक माणूस लागेल, दादा, आणि परत यायला एक घर लागेल. राग तू घे.' आणि माझ्यासमोरच तिनं फोन लावला."