औषधाचा साचा

आठव्या विहिरीचं पाणीही निर्मळ निघालं, तेव्हा संशोधकाने कपाळाला हात लावला. बहिणीकडे चार दिवस मुक्काम ठोकून त्याने ओढा, कालवा, हातपंप, सगळं पालथं घातलं होतं. भोवती नुसत्या फळबागा, पण पाण्यात औषधाचा टिपूस नाही.

त्याचा सेन्सर म्हणजे पॉलिमरचा पातळ थर. त्यात बागांवर फवारतात त्या औषधाच्या रेणूच्या मापाच्या असंख्य खोबणी. पाण्यात तो रेणू असला, की खोबणीत चपखल बसायचा आणि यंत्रावरचा आकडा चढायचा. सात वर्षं यात गेली होती. संस्थेतले लोक पाठीमागे म्हणायचे, "लोकांना डोंगर पोखरून उंदीर तरी मिळतो. याला तोही मिळायचा नाही."

"सोड रे आता," ताई म्हणाली. "पाणी चांगलंच आहे इथलं."

तिचे हात थरथरत होते. सहा महिन्यांपासून असंच चाललंय, म्हणाली. तो ओट्यावरच्या जारकडे वळला, तेवढ्यात तिने पेला काढून घेतला. "ते शिळं आहे. ताजं देते." आणि नळाचं पाणी दिलं.

दाजी बागांत फवारणीची कामं घ्यायचे. मुळातच मितभाषी माणूस. हल्ली तर मान वर करत नसत. डोळ्यांतून सारखं पाणी, कपाळावर घाम. ताई समोर आली की त्यांची नजर जमिनीला खिळायची.

पाचव्या दिवशी सकाळी बॅग भरता भरता, नुसतं यंत्र चालतंय ना हे बघायला, संशोधकाने जारमधलं चमचाभर पाणी थरावर सोडलं.

आकडा भराभर चढला.

पहिल्यांदा त्याला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, तो चक्क हसला. मग त्याला ताईचे हात आठवले, पडवीतले औषधाचे डबे आठवले, आणि हसू ओठांवरच सुकलं. त्याने तीनदा तपासणी केली. नळाचं पाणी स्वच्छ, जारमधलं विषारी.

पोलीस आले तेव्हा दाजींचे पाय लटपटत होते. "चोराच्या मनात चांदणं," हवालदार म्हणाला.

"मी काही केलेलं नाही," दाजी एवढंच बोलले. मग ताईकडे बघितलं आणि गप्प झाले. ते कायमचेच.

महिन्याभराने तपासलेल्या ताईच्या रक्तात काही सापडलं नाही. इतक्या दिवसांनी सापडतंच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. कोर्टात ती नुसती रडली. त्या थरथरत्या हातांकडे बघून कोणी फार खोदून विचारलं नाही. साक्ष खरी गाजली ती संशोधकाची. दाजींना दहा वर्षांची शिक्षा झाली. सेन्सरला पुरस्कार मिळाला. पाठीमागे बोलणारे आता पुढे येऊन हात मिळवू लागले.

ताई भावाकडे राहायला आली. दोन महिन्यांत हात स्थिरावले. वर्षभरात ती पुन्हा शिवणकाम करू लागली, गुणगुणू लागली. तिकडे तुरुंगातून येणारी माणसं सांगत, दाजींचेही डोळे निवळलेत, अंग भरलंय. ते ऐकून संशोधकाचा तिळपापड व्हायचा. सख्ख्या बायकोला विष पाजायचं आणि वर सरकारी भाकरीवर गुटगुटीत व्हायचं!

दुसऱ्या वर्षी दाजींच्या वकिलाने अपील केलं. सरकारी वकिलाने ताईचं सविस्तर निवेदन मागवलं. एका दुपारी संशोधक कागद घेऊन तिच्या मशीनपाशी बसला.

"ताई, थोडंसंच विचारतो. जारमधलं पाणी रोज साधारण किती प्यायचीस?"

"मी?" ती दोरा ओवत होती. एका झटक्यात ओवला.

"अंदाजाने सांग. दोन पेले? चार?"

"अगदी खरं लिहायचंय का?"

"म्हणजे काय! तुझ्या शब्दावर तर सगळं उभं आहे."

ताईने मशीनचं चाक हाताने थांबवलं आणि त्याच्याकडे बघितलं. लहानपणी त्याचं गणित चुकलं की बघायची तसं, मायेने.

"मी नळाचंच प्यायचे रे. जार ह्यांचा होता. मी फक्त भरून ठेवायचे."