पर्मनंट

आकाराम प्रयोगशाळेच्या दारातच चपला काढायला लागला, तेव्हा उदयसिंह सर उठून पुढं गेले. "असू द्या, असू द्या. आत या की."

आकारामनं तरीही चपला काढल्या. लेकीच्या, क्रांतीच्या मागोमाग तो आत आला आणि स्टुलावर टेकला. नेसरीहून सकाळच्या एसटीनं दोघं कोल्हापूरला आली होती. बी.एस्सी.चा निकाल लागला होता आणि फिजिक्समध्ये क्रांती कॉलेजात पहिली आली होती. विद्यापीठाच्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षाही ती पास झाली होती. प्रवेश पक्का करायला उद्याचाच दिवस उरला होता.

काल तिनं सरांना फोन केला होता. "सर, आप्पांना तुम्हीच सांगा. आमच्या घरात रोज तुमचं नाव निघतं. तुमचं ते ऐकतील."

सरांनी सांगितलं. चांगलं सांगितलं. पुढं पीएच.डी. करता येते, त्याला सरकारी शिष्यवृत्ती मिळते, पुण्यामुंबईच्या संशोधन संस्थांत आता खेड्यातल्या मुलीही काम करतात, हे सगळं त्यांनी सोप्या शब्दांत मांडलं. "इतकी वर्षं शिकवतोय, पण हिच्यासारखे प्रश्न विचारणारं पोरगं मला दुसरं भेटलं नाही," असंही म्हणाले. ते खरं होतं. क्रांती खाली बघत होती. तिला अवघडल्यासारखं होत होतं, आणि बरंही वाटत होतं.

आकाराम मन लावून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "गडहिंग्लजला बी.एड. कर म्हनलं हुतं मी. आमच्या पावण्यांची शाळा हाय तिकडं. जागा निगनार हाय, घेतो म्हनल्यात. पर ही म्हनती, मला सरांसारकं हुयाचं हाय."

"बी.एड. नंतरही करता येतं," सर म्हणाले.

"व्हय, ते बी खरं." तो थोडा पुढं सरकला. "सर, येक इचारू? तुमी हितं पर्मनंट हाईसा न्हवं?"

सरांनी टेबलावरची भिंगं डबीत ठेवायला घेतली. एक ठेवलं. दुसरं ठेवलं.

"नाही. तासिका तत्त्वावर आहे."

"म्हंजे?"

"जेवढे तास शिकवीन तेवढ्याचे पैसे. सुट्टीत काही नाही. दर वर्षी नव्यानं मुलाखत द्यायची."

"यंदाची झाली?"

"अजून नाही."

"रोजगारावानी म्हना की," आकाराम म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती. त्याला नीट समजून घ्यायचं होतं. "आनि शिकलाय किती तुमी?"

"एम.एस्सी. नेट. पीएच.डी." स्वतःच्याच पदव्या सांगताना सरांचा आवाज खाली गेला.

क्रांतीनं मान वर केली. सर पर्मनंट नाहीत हे तिला ऐकून माहीत होतं. मुलं बोलायची. पण त्याचा अर्थ असा एकेक करून कुणी तिच्या पुढ्यात ठेवला नव्हता.

"पण सर, सगळ्यांचं तसंच होतं असं नाही ना?" ती घाईनं म्हणाली.

"नाही. सगळ्यांचं नाही." त्यांच्याबरोबर शिकलेला एकजण जर्मनीत होता. बाकीच्यांची नावं त्यांना आठवली, ती त्यांनी घेतली नाहीत.

"तुमास्नी पोरंबाळं?" आकारामनं विचारलं.

"लग्न नाही झालं."

चाळिशी ओलांडलेल्या त्या माणसाकडं आकारामनं एकवार बघितलं. मग म्हणाला, "नसली तरी धरा. तुमची लेक असती, तर काय सांगिटलं असतं तिला?"

खिडकीखाली प्रवेशासाठी आलेल्या मुलांचा गलका चालला होता. सर तिकडं बघत राहिले. क्रांती त्यांच्या तोंडाकडं बघत होती. एम.एस्सी. कर, एवढंच सरांनी म्हणायचं होतं.

"बी.एड. कर म्हणालो असतो," सर म्हणाले.

आकाराम उठला. आपलंच खरं झालं म्हणून त्याला आनंद झालाय, असं त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

"खरं सांगिटलंसा, बरं झालं," तो म्हणाला. "मी व्हय म्हनायच्या तयारीनंच आलतो, सर. हिच्या आईनं बी व्हय म्हनलंतं. फकस्त तुमास्नी येकदा बघून जावं म्हनलं." त्यानं हात जोडले. "नेसरीकडं आला की घरला या." मग लेकीला म्हणाला, "मी खाली हाय. ये सावकाश."

तो गेला. क्रांती जागची हलली नाही. ती रागावेल, नाहीतर रडेल, असं सरांना वाटलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"क्रांती, मला..."

"सर, एका अवस्थेत दोन इलेक्ट्रॉन का राहू शकत नाहीत?" तिनं विचारलं. तिचा आवाज वर्गात असायचा तसाच होता. "तुम्ही म्हणाला होता, आत्ता नियम पाठ कर, खरं कारण एम.एस्सी.ला गेल्यावर कळेल. ते आता सांगून टाका."

सरांनी फळा पुसला. खडू घेतला. पहिली ओळ वाकडी गेली, मग अक्षर सुधारलं. काही न गाळता, काही सोपं न करता ते सांगत गेले. मध्ये मध्ये वळून, कळतंय का, असं बघत होते. ती मान हलवत होती.

फळा भरत आला, तरी तिनं वही काढली नाही.