स्ट्रॉबेरीचं दही

वृंदा कोट चढवून दाराशी आली, तर लेक ओवी वाट अडवून उभी. "आई, हात पुढे कर."

सांगलीला दातांचा दवाखाना चालवलेली वृंदा जर्मनीत आल्यापासून घर आणि ओवीलाच सांभाळत होती. आज तिची तोंडी परीक्षा होती. पास झाली, तर इथेही डॉक्टर म्हणवून घेता येणार होतं.

शाळेच्या प्रत्येक परीक्षेला आईने तळहातावर दही-साखर ठेवली, की ओवी नाक मुरडायची. आज मात्र तिनेच चमचा उचलला होता. दही गुलाबी होतं.

"घरात स्ट्रॉबेरीचंच होतं. चालेल?"

"चालेल काय, पळेल!" वृंदाने तळहात चाटला.

परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "साखर दातांचं काय करते?" जिभेवर अजून स्ट्रॉबेरी रेंगाळत होती. वृंदाला खुदकन हसू आलं आणि एरवी घशात अडकणारं जर्मन घडाघडा बाहेर पडलं.

संध्याकाळी ओवीने दार उघडलं. "काय झालं?"

वृंदाने पिशवीतून गुलाबी दह्याचा डबा काढला. "उद्या तुझा गणिताचा पेपर ना? डॉक्टरांच्या हातचं दही खाऊन जा."