मुका मळा

"आवाज आला की एक फूल परडीत टाकायचं. नाही आला तर टाकायचं नाही. कळलं?"

आरोहीने मान हलवली. पाच वर्षांची पोर, आणि कानांवर तिच्या तोंडाएवढे हेडफोन. मांडीवर शेवंतीची फुलं होती, समोर रिकामी परडी. गावच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा सेविका शुभांगीने मोबाइल स्वतःकडे वळवून धरला. त्यावर पिवळा ठिपका चमकला, की हेडफोनमध्ये पाखरासारखा बारीक आवाज व्हायचा.

पहिला ठिपका चमकला. फूल पडलं नाही.

शेजारी बसलेल्या तिच्या आजोबांनी, पुंजारामांनी, डोळे मिटून घेतले.

मखमलाबादच्या मळ्यावरून सकाळचं धुकं अजून उठलं नव्हतं. पाटाच्या कडेची झाडं पाण्यावर तरंगत असल्यासारखी दिसत होती. मोसंबी रंगाचं कोवळं ऊन धुक्यातून झिरपून शेवंतीवर उतरत होतं. असल्या सकाळी पूर्वी मळा नुसता गजबजलेला असायचा. कुसाबाई गेल्या आणि तोही गप्प झाला, असं पुंजाराम म्हणत. साळुंक्या तारेवर येऊन बसत, पण बोलत नसत. मधमाश्या फुलांवर असत, पण त्यांची गुणगुण नसे. घरधनीण गेली की मळा सुतक पाळतो, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

त्या मुक्या मळ्यात आरोही आली ती दिवाळीनंतर. तिच्या आईचं, भाग्यश्रीचं, दुसरं बाळंतपण होतं. लेक बाळंतपणाला माहेरी यायची, पण माहेरी करायला बाई उरली नव्हती. ती इगतपुरीला सासरीच राहिली. डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं, म्हणून पोरीला आजोबांकडे धाडलं.

"लय बोलते हां आबा, डोकं खाईल तुमचं," जावई सोडायला आला तेव्हा आपल्या भरदार आवाजात हसत म्हणाला होता.

आली तशी पोर आईसाठी मुसमुसत राहिली. मग तापली. ताप उतरला, खेळू लागली, पण तोंडातून शब्द नाही. काही हवं असलं, की पुंजारामांचा सदरा ओढायची आणि बोटाने दाखवायची. ती ओठ हलवायची, डोळे मोठे करायची. आवाज मात्र फुटायचा नाही.

"तापात कान गेले असतील तिचे," काल बांधावर उभे राहून ते शुभांगीला म्हणाले होते. "ऐकू येत नसंल तर बोलणार कसं? ताई, लेकीनं बोलती पोर दिली माझ्या हाती. मुकी करून परत कशी देऊ?"

"भाग्यश्रीला सांगितलं का?" शुभांगीने विचारलं. वस्ती-वस्तीवर हाका मारून तिचा आवाज खणखणीत झाला होता. तरी ती बोलू लागली, की पुंजाराम तिच्या तोंडाकडे टक लावून बघत.

"कोणत्या तोंडानं सांगू? ती अवघडलेली. तिचा फोन येतो, पण रेंज नाय इथं. नुसती खरखर. पोरीच्या हातात फोन दिला, तर ती हसते, ओठ हलवते. तिकडं तिच्या आईला काय वाटत असंल, देव जाणे."

म्हणून शुभांगी आज हेडफोन घेऊन आली होती.

"ताई, एवढ्याशा डबीतनं कान दिसतो व्हय?" त्यांनी सकाळी विचारलं होतं.

"दिसत नाही, आबा. कानालाच विचारावं लागतं."

आता कानाला विचारणं चाललं होतं, आणि परडी रिकामी होती. शुभांगीने आवाज थोडा वाढवला. ठिपका चमकला. आरोहीने शुभांगीकडे पाहिलं, फ्रॉकची कड दातांत धरली, आणि एक फूल अलगद परडीत टाकलं.

"अशीच, शाब्बास!"

मग पोर रंगली. ठिपका चमकायचा, फूल पडायचं. शुभांगी आवाज कमी करत गेली. फूल पडत राहिलं. तिने आवाज इतका बारीक केला, की पान हललं तरी त्याहून मोठं वाटावं. तरीही फूल पडलं. पुंजारामांनी डोळे उघडले तेव्हा परडी पिवळीधमक झाली होती.

"आबा, कान एकदम झकास! माझ्यापेक्षा बरे."

म्हाताऱ्याने दोन्ही हात जोडले ते शुभांगीला की मळ्याला, कुणास ठाऊक. मग त्यांचे हात हळूहळू खाली आले.

"मग ती बोलत का नाय, ताई?"

तेवढ्यात आरोहीने हेडफोन काढले, आजोबांचं मुंडासं वर सरकवलं आणि ते त्यांच्या कानांवर बसवले. त्यांच्या हातात एक फूल दिलं, परडी ओढून पुढ्यात ठेवली. पुंजाराम हसले. पोराच्या खेळात शहाण्या माणसाने बसावं तसे मांडी घालून बसले.

शुभांगीनेही गंमत म्हणून ठिपका चमकवला. फूल हातातच राहिलं. तिने आवाज वाढवला, मग आणखी वाढवला. आता हेडफोनमधलं पाखरू तिला तिथे बसूनही ऐकू येत होतं. पुंजाराम फूल धरून शांत बसले होते, एखाद्या देवळात बसावं तसे.

"कधी सुरू करायचं, ताई?" त्यांनी विचारलं.

शुभांगीचं बोट मोबाइलवर तसंच थांबलं. तिने हलकेच हेडफोन त्यांच्या गळ्यात उतरवले. तारेवरच्या साळुंक्या कलकलत होत्या. आरोही खेळ अडल्यामुळे चिडली, लाजायचं विसरली, आणि आजोबांसमोर उभी राहून भांडू लागली. तिचा आवाज साऱ्या मळ्यात घुमला.

"आबा, टाक ना फूल! किती वेळा सांगू? पाखरू बोलतंय ना!"

पुंजारामांनी नातीच्या तोंडावरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले.

"बघा ताई," ते म्हणाले, "हे असंच दिवसभर. नुसते ओठ हलतात."