कोंबड्याचा एपिसोड

इंद्रजीतनं बायकोला, सोनियाला, घराबाहेर काढलं आणि आठ वर्षांच्या संस्कृतीला स्वतःकडं ठेवून घेतलं. लेकीशी फोनवर बोलायचीही बंदी केली. "तुझा आवाज या घरात नको," एवढंच म्हणाला. कोर्टानं मायलेकींना रविवारचे दोन तास दिले.

सोनिया उस्मानपुऱ्यातल्या एका स्टुडिओत कार्टूनच्या डबिंगला लागली. एका मालिकेत तिला म्हाताऱ्या कोंबडीचा आवाज मिळाला. ज्या भागात ही कोंबडी घमेंडखोर कोंबड्याला खुराड्याबाहेर हाकलते, त्याचे मराठी संवाद तिनंच लिहिले. नवऱ्यापुढं जे कधी तोंडातून निघालं नव्हतं, ते सगळं तिनं कोंबडीच्या तोंडी घातलं. तो भाग पोरांनी असा डोक्यावर घेतला की चॅनलवाले रोज दाखवायला लागले. कधीतरी तो इंद्रजीतच्या कानावर पडत असेल, या विचारानंच तिच्या जिवाला थंडावा मिळायचा. पोरीला मात्र तिनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

रविवारी हर्सूलच्या तलावाकाठी भेळ खाताना तिनं सहज विचारलं, "कार्टून बघती का गं?"

"एकच. कोंबड्याचा एपिसोड. बाबा जेवायला बसले की मोठ्यानं लावते."

"त्यांना आवडतो?"

"नाय. ताटावरून उठून जातात." संस्कृतीनं भेळेचा पुढचा घास घेतला. "म्हणून तर लावते, आई. तुझा आवाज मी पहिल्याच दिवशी वळखला."