राणीचा आवाज

टीव्हीवर महाराणीनं डोक्यावरचा मुकुट उतरवला तशा सासूबाई सोफ्याच्या कडेला सरकल्या. मांडीवरची उशी त्यांनी दोन्ही हातांनी आवळून धरली होती. शेवटच्या भागाचा शेवट आला होता.

“आता भाचीला देणार बघ,” त्या म्हणाल्या. “भावाच्या मुलीसाठीच तर राखलंय तिनं राज्य. शपथ घेतलीय.”

सून नुसती हसली. तिला तर माहीतच होतं. मालिका परदेशी, पण आपल्या भाषेत महाराणी बोलायची ती हिच्या आवाजात, अगदी पहिल्या भागापासून. शेवटाचं गुपित तिनं महिनाभर पोटात ठेवलं होतं. सासूबाई रोज खोदून खोदून विचारायच्या, ही रोज टाळायची. एरवी सुनेशी कामापुरतं बोलणारी बाई ती. पण ही मालिका सुरू झाली आणि घरात ‘अगं ए’ची ‘राणी’ झाली. राणी, गोळी दे गं. राणी, ते कालचं वाक्य परत म्हण ना. ही ओले हात पुसत म्हणायची आणि सासूबाई डोळे मिटून ऐकायच्या. लग्न करून जे मिळालं नव्हतं ते या आवाजानं मिळवून दिलं होतं, खोटं कशाला बोला.

समोर डबिंगचा दिग्दर्शक बसला होता. सासूबाईंनीच आग्रहानं बोलावलं होतं त्याला. भलामोठा केक घेऊन आला होता. चहा कधीच संपला होता, तरी गृहस्थ कपातच बघत होता.

पडद्यावर सिंहासनाच्या पायऱ्या चढून कुणीतरी वर आलं. भाची नव्हती ती. महाराणीच्या भावाला झोपेत मारणारा तो सरदार होता. भाची खाली गर्दीत उभी होती आणि टाळ्या वाजवत होती.

महाराणी त्याच्यापुढे गुडघे टेकून बसली. मुकुट पुढे केला, आणि मायेनं ओथंबलेल्या आवाजात, सुनेच्या आवाजात, म्हणाली, “घे. तुझाच होता. मी फक्त राखत बसले होते.”

संपलं. नावांच्या पाट्या वर सरकू लागल्या.

“अगं बाई!” सासूबाई उभ्याच राहिल्या. “त्या खुन्याला?”

“हे काय?” नवरा ओरडला. “उडत्या घोड्यांचं काय झालं? शापित समुद्राचं काय झालं? इतकी वर्षं बघतोय आपण आणि शेवटी नुसत्या पाट्या टाकल्या मेल्यांनी! गुंडाळलं आणि गेले घरी!”

बरोबरच होतं त्याचं. पण सून टीव्हीकडे बघतच नव्हती. ती दिग्दर्शकाकडे बघत होती.

“भाचीशी बोलतेय म्हणालात तुम्ही.”

शेवट फुटू नये म्हणून कंपनीनं शेवटच्या भागाचं चित्र झाकून पाठवलं होतं. सगळा पडदा काळा आणि मधे महाराणीच्या तोंडापुरतं गोल भोक. नुसते हलणारे ओठ बघून बोलायचं. समोर कोण आहे ते दिसत नाही, त्याचं बोलणं ऐकू येत नाही. संवादांचे पूर्ण कागद फक्त दिग्दर्शकाकडे. म्हणून तिनं विचारलं होतं, कुणाला म्हणतेय ही? आणि तो न अडखळता म्हणाला होता, भाचीला. त्या पोरक्या पोरीला डोळ्यांसमोर आणून ती बोलली होती. पहिल्याच फटक्यात झालं होतं. बाहेर येऊन किती वेळ रडली होती.

“खरं सांगितलं असतं,” दिग्दर्शक म्हणाला, “तर असं बोलला असता का तुम्ही?”

“नाही.”

“मग? मूळ नटी त्या सरदाराकडे बघून प्रेमानंच बोलते. मला ते प्रेम हवं होतं. अहो, काय बोललायत! कंपनीवाले म्हणाले, मूळ बाईपेक्षा सरस.”

“माझ्याच तोंडून माझ्या राणीला विकायला लावलंत,” ती म्हणाली. “केसानं गळा कापलात.”

कप खाली ठेवून तो चपला शोधू लागला. केक तसाच राहिला.

तो गेल्यावर सासूबाई बसल्या. “तुला माहीत होतं.”

“नाही हो आई, शप्पथ. ऐकलंत ना आत्ता, मला भाची म्हणून सांगितलं...”

“ऐकलं गं. कळलं सगळं. तुझा दोष नाही.” त्यांनी उशी बाजूला ठेवली, परत मांडीवर घेतली. “पण किती मायेनं म्हणालीस. माझ्याशीसुद्धा कधी इतक्या मायेनं बोलली नाहीस.”

“आई, मी...”

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. नेहमी मिटायच्या तसेच. मग हात वर केला.

“जरा वेळ बोलू नकोस, बाई. तो आवाज ऐकवत नाही.”

नवऱ्यानं टीव्ही बंद केला. सून स्वयंपाकघरात गेली, पेला विसळला, पाणी भरलं. गोळीची वेळ झाली होती. ती दाराशी आली, तोंड उघडलं, मिटलं, आणि गोळ्यांचं पाकीट उंच धरून उभी राहिली, सासूबाई कधी डोळे उघडतात याची वाट बघत.